तीन शब्दांचा पत्ता: दोन पावसाळे वापरून झाल्यावर

व्हॉट थ्री वर्ड्स हे ॲप दोन पावसाळे वापरलं म्हणून लिहितेय. आमचं घर गुहागर तालुक्यात. रस्त्यावरून पाखाडीने दीडेकशे पायऱ्या खाली उतरलं की आमचं खळं म्हणजे अंगण लागतं, मागे वहाळ म्हणजे ओढा, आणि वहाळापलीकडे दुसऱ्या गावाची वाडी. तिचं नाव खालचीवाडी आणि आमचंही खालचीवाडीच. घराला नंबर नाही, रस्त्याला नाव नाही, पोस्टमन ओळखीचे म्हणून आयुष्यभर मुक्काम पोस्ट तालुका एवढ्यावर भागलं. पण घरी पाहुण्यांची राहण्याजेवणाची सोय सुरू केली, आंब्याच्या पेट्या बाहेर पाठवायला लागलो, तेव्हापासून ते भागेना झालं. दापोलीकडून येणारे लोक दाभोळला फेरीबोटीत बसून धोपाव्याला उतरतात आणि तिथून फोन सुरू, आता कुठे वळू, आंब्याचं झाड दिसतंय तेच का. इथे आंब्याचं झाड कुठे नाही सांगा.

ॲपचं काम सोपं आहे. सगळ्या जगाचे 3 मीटर बाय 3 मीटरचे चौकोन पाडलेत, आणि प्रत्येक चौकोनाला तीन शब्द. एकूण 57 लाख कोटी चौकोन होतात. इंग्रजीत समुद्रसुद्धा धरलाय म्हणून त्यांची यादी 40,000 शब्दांची आहे, आणि 40,000 गुणिले 40,000 गुणिले 40,000 केलं की 64 लाख कोटी जोड्या होतात, म्हणजे पुरून उरतात. लंडनमधलं त्यांचं ऑफिस म्हणजे फिल्ड.काउंट.सोप. 2013 साली कंपनी निघाली, काढणारा ख्रिस शेल्ड्रिक आधी गाण्याच्या कार्यक्रमांचं आयोजन करायचा आणि सामानाच्या गाड्या भलत्याच ठिकाणी जायच्या, त्यातून हे सुचलं. ते वाचलं तेव्हा मला फार जवळचं वाटलं कारण आमचा पेट्यांचा टेम्पो अगदी असाच दुसऱ्या खालच्यावाडीत जाऊन उभा राहायचा.

मराठी आहे यात, आणि नीट आहे. फक्त एक समजून घ्या, मराठी शब्द हे इंग्रजी शब्दांचं भाषांतर नाही, त्याच चौकोनाचे मराठी तीन शब्द पूर्ण वेगळे असतात. आमच्या सासूबाईंना इंग्रजी येत नाही पण आपल्या दारचे तीन मराठी शब्द त्या आरतीसारखे म्हणून दाखवतात. दहा आकडी अक्षांश-रेखांश त्यांच्याकडून कोणी पाठ करून घेतले असते का.

रोजच्या कामाला मी खूश आहे. पाहुण्यांना बुकिंगच्या मेसेजमध्येच शब्द टाकते, पेट्या उचलायला येणाऱ्या टेम्पोला देते, बागेत तार तुटून पडली तेव्हा वायरमनना त्या पोलाजवळचे शब्द वाचून दाखवले आणि ते बरोब्बर तिथे आले, नाहीतर "करवंदीच्या जाळीच्या पुढे, गडग्याला लागून" हे कोणाला कळणार. गेल्या मे महिन्यात पाहुण्यांना सड्यावर कातळशिल्पं बघायला पाठवलं, सडा म्हणजे नुसता मोकळा कातळ, खूण म्हणून काहीच नाही, तिथे तर हे फारच उपयोगी पडलं. आणि शब्द काढायला नेट लागत नाही. जीपीएस उपग्रहावरून येतं, ॲप फोनमध्ये असलं की झालं. नकाशा नेटशिवाय दिसेलच असं नाही पण शब्द दिसतात, आणि ते साध्या कॉलवर किंवा एसेमेसने सांगता येतात. व्हॉट्सॲपचं लोकेशन जायला नेट हवंच. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं, त्यानंतर कितीतरी दिवस लाईट नाही, रेंज नाही, असे आम्ही काढले आहेत, त्यामुळे नेटशिवाय चालणाऱ्या गोष्टीची किंमत आम्हाला जास्त कळते.

आता इमर्जन्सीचं सांगते, कारण ॲप घेताना मला खरं तर त्यासाठीच हवं होतं.

गेल्या वर्षी गणपतीत, गौरी आल्या त्या रात्री, आमचे आण्णा म्हणजे सासरे पाखाडीवर शेवाळावरून घसरले. मांडीचं हाड मोडलं होतं, हलवता येत नव्हतं. पाऊस असा की पत्र्यावर आवाज सोडून दुसरं ऐकू येत नव्हतं. दवाखान्यात न्यायला बोलावलेल्या गाडीचे ड्रायव्हर नवीन, म्हणाले ताई लोकेशन पाठवा. पाठवलं तर ते गोल गोल फिरत राहिलं, गेलंच नाही. मग मी खळ्यात तुळशीपाशी उभी राहिले, तिथे कॉलपुरती रेंज येते, आणि पुण्याला पुतण्याला फोन करून तीन शब्द सांगितले. त्याने ते टाकून जागा काढायची आणि ड्रायव्हरना पाठवायची असं ठरलं. पहिल्यांदा पावसाच्या आवाजात एक शब्द त्याला वेगळाच ऐकू आला, ळ आणि ल ची गडबड, आणि जागा निघाली कुठच्या कुठे, दुसऱ्याच राज्यात. ती इतकी लांब होती म्हणूनच चूक लगेच कळली. काकू हे आपलं नाही, परत सांग, अक्षर अक्षर सांग. दुसऱ्यांदा बरोबर आलं.

गाडी निघाली. आणि वहाळाच्या पलीकडे जाऊन उभी राहिली. मी शब्द दिले होते खळ्यातले, घरातले, आणि नकाशाने त्या जागेला सगळ्यात जवळचा गाडीरस्ता शोधला तो पलीकडच्या वाडीचा. सरळ रेषेत साठ-सत्तर मीटर, पण मध्ये दुथडी भरलेला वहाळ आणि त्यावर माणसापुरता साकव. गाडी परत वळवून आमच्या रस्त्याला आणायची तर अजून अर्धा तास. शेवटी वाडीतल्या मुलांनी आण्णांना खुर्चीत बांधलं, आणि बॅटऱ्यांच्या उजेडात साकवावरून पलीकडे नेलं. आण्णा आता काठी घेऊन चालतात, बरे आहेत, पण तो साकव ओलांडतानाची पाच मिनिटं मला अजून झोपेत दिसतात.

म्हणून कोकणात हे ॲप वापरणाऱ्या प्रत्येकाला माझं एकच कळकळीचं सांगणं आहे: घराचे शब्द देऊ नका, गाडी जिथे उभी राहते तिथले द्या. आपली घरं रस्त्याला लागून नसतात, खाली असतात, वर असतात, बागेच्या आत असतात, खाडीच्या अलीकडे-पलीकडे असतात. पाखाडीच्या वरच्या टोकाशी स्वतः जाऊन उभं राहायचं, दिवसाउजेडी, झाडोऱ्यातून बाहेर मोकळ्या आभाळाखाली, जीपीएस जरा स्थिर होऊ द्यायचं आणि मग शब्द घ्यायचे. झाडाखाली दहा-पंधरा मीटरची चूक सहज होते आणि इथे शेजारचा चौकोन म्हणजे पूर्ण वेगळे शब्द.

हीच मला या ॲपची मोठी उणीव वाटते. शेजारच्या दोन चौकोनांच्या शब्दांचा एकमेकांशी काही संबंध नसतो, त्यामुळे दोन शब्द कळले आणि तिसरा राहिला तर हातात काहीच नाही, तालुकासुद्धा कळत नाही. ऐकण्यातली चूक तर आमच्याकडे झालीच पण तिकडेही होते, 2021 मध्ये बीबीसीने बातमी दिली होती की इंग्लंड-वेल्सच्या माउंटन रेस्क्यूवाल्यांनी एका वर्षात चुकीच्या निघालेल्या 45 जागांची यादी केली होती, स्पेलिंग आणि मिळतेजुळते उच्चार हीच कारणं. आणि तिकडे बहुतेक पोलीस, आग, रुग्णवाहिका यंत्रणा हे शब्द घेतात तरी. आपल्याकडे 108 किंवा 112 ला फोन केल्यावर समोरच्याला हे माहीत असेलच असं धरून चालू नका. आधी गाव, वाडी, तालुका, जवळची शाळा किंवा देऊळ, आणि शब्द त्यानंतर.

जोडीला डिजिपिन, म्हणजे जागेचा सरकारी कोड, तोही बघून ठेवा. पोस्टखात्याने 27 मे 2025 ला काढलं, आयआयटी हैदराबाद आणि इस्रोचं उपग्रह-माहितीचं केंद्र एनआरएससी यांच्यासोबत. साधारण 4 मीटर बाय 4 मीटरचा चौकोन, दहा अक्षरं-आकडे, कोणालाही फुकट वापरता येतं. पाठ होत नाही हे खरं, पण शेजारशेजारच्या जागांची पहिली अक्षरं सहसा सारखी असतात, त्यामुळे शेवटचं अक्षर चुकलं तरी माणूस तुमच्या आसपासच येतो. गुगलचे प्लस कोडही असेच. (पिनकोड 15 ऑगस्ट 1972 ला सुरू झाला तो श्रीराम भिकाजी वेलणकरांच्या कल्पनेतून, आपल्या कोकणातलेच, याचा मला फार अभिमान आहे.) होडीवाल्यांनी मात्र शब्दांच्या भानगडीत पडू नये, त्यांच्याकडे जीपीएसचे आकडे असतात, कोस्टगार्डच्या 1554 ला तेच सांगावेत.

रोजच्या वापराला पाचपैकी साडेचार देईन. इमर्जन्सीला तीन, आणि तेही आधी तयारी करून ठेवली असेल तर.

आम्ही आता पाखाडीच्या वर चिऱ्याच्या खांबावर ऑइलपेंटने लिहून घेतलंय, वाडीचं नाव, तीन शब्द, खाली डिजिपिन. घरात फोनशेजारच्या कॅलेंडरवर तेच, मोठ्या अक्षरात, आणि ळ असलेल्या शब्दाखाली रेघ मारून "कमळातला ळ" असं लिहिलंय. वाडीत एकोणीस घरं आहेत, तीन पाखाड्या. दोन खांब झाले, तिसरा पाऊस लागायच्या आत करायचाय.