क्रॅक, स्वस्तातली की, सेल किंवा पूर्ण किंमत: गेम नक्की कसा मिळवायचा?

गेम खेळायची ओढ आहे आणि पूर्ण किंमत परवडत नाही. अशा वेळी चार रस्ते दिसतात: ओढाताण करून पूर्ण पैसे मोजायचे, सेलची वाट पाहायची, एखाद्या की-बाजारातून, म्हणजे इतरांकडच्या की विकणाऱ्या साइटवरून, निम्म्या दरात की (गेम सुरू करायचा कोड) घ्यायची, किंवा टॉरेंटवरून क्रॅक, म्हणजे कुलूप तोडलेली फुकट प्रत, उतरवायचा. यावरची चर्चा बहुतेक वेळा ‘ही चोरी आहे की नाही’ इथेच अडकून पडते. निर्णय घेणाऱ्याला त्याहून उपयोगी पडतील असे दोन प्रश्न आहेत. आपल्यामुळे पैसा कोणाकडे जातो किंवा कोणाकडे जायचा राहतो? आणि गेम बाजारात येऊन किती काळ झाला? दुसरा प्रश्न फारसा कोणी विचारत नाही, पण माझ्या मते निम्म्याहून अधिक निकाल त्यावरच लागतो.

आधी नुकसानीचा हिशेब. प्रत्येक डाउनलोड म्हणजे एक बुडालेली विक्री, हा कंपन्यांचा जुना दावा टिकत नाही. फुकटात शंभर गेम उतरवणाऱ्याने ते शंभरही विकत घेतले असते, हे कोणालाच पटणार नाही. पण ‘मी नाहीतरी घेणारच नव्हतो’ हे उत्तरही तितकंच सोयीचं आहे. युरोपियन कमिशनने करून घेतलेला एक अभ्यास २०१७ मध्ये बाहेर आला. गेमच्या बाबतीत त्यात पायरसीमुळे विक्री घटल्याचं दिसलं नाही, उलट किंचित वाढल्याचं दिसलं, मात्र त्या आकड्यांत चुकीला बरीच जागा होती. पायरसीचे समर्थक हा अभ्यास नेहमी पुढे करतात. संशोधक विल्यम वोल्कमन यांचा २०२४ मधला अभ्यास मला अधिक नेमका वाटतो. डेनुवो हे कॉपी-संरक्षण (फुकट प्रती रोखणारं कुलूप) लावलेले, स्टीम या ऑनलाइन दुकानातले ८६ गेम त्यांनी तपासले. पहिल्याच आठवड्यात क्रॅक आला तर सरासरी २० टक्के उत्पन्न बुडतं. बारा आठवड्यांनंतर आला तर नुकसान जवळजवळ शून्य.

म्हणजे एकच कृती, पण लाँचच्या दिवशी वेगळी आणि वर्षाने वेगळी. गेमच्या कमाईचा मोठा भाग सुरुवातीच्या काही आठवड्यांत येतो. पुढच्या कामाचे पगार आणि कर्जाचे हप्ते त्यावरच अवलंबून असतात. त्या दिवसांत क्रॅक उतरवणारा माणूस नेमक्या दुखऱ्या जागी बोट ठेवतो.

लहान स्टुडिओला हे किती लागतं, ते २०१३ मध्ये ग्रीनहार्ट गेम्सने मोजून दाखवलं. दोन भावांचा हा स्टुडिओ, आणि ‘गेम डेव्ह टायकून’ हा त्यांचा पहिला गेम, किंमत ७.९९ डॉलर. त्याची एक ‘क्रॅक’ प्रत त्यांनी स्वतःच टॉरेंटवर टाकली. पहिल्या दिवसअखेर खेळणारे ३,३१८ निघाले, त्यातले विकत घेतलेले २१४. टॉरेंटवरच्या प्रतीत एक बदल केलेला होता: खेळाडूने उभी केलेली गेम-कंपनी काही वेळाने पायरसीमुळे तोट्यात जाऊन बुडायची. त्यावर काही जणांनी मंचांवर जाऊन विचारलं की आपल्या कंपनीसाठी कॉपी-संरक्षण शोधून काढायची काही सोय आहे का. फुकट्या प्रतीत बसून आपलं नुकसान टाळायचा मार्ग ते शोधत होते. पायरसीवरची शंभर भाषणं जे सांगणार नाहीत ते एवढ्यात कळतं.

क्रॅक घेणाऱ्याला काय पडतं?

फुकट म्हणतात, पण किंमत असतेच. क्रॅकसोबतच्या सूचनांत बहुधा पहिलीच ओळ असते: अँटिव्हायरस बंद करा. मग अनोळखी माणसाने बनवलेली इन्स्टॉलर फाइल तुम्ही ॲडमिनचे अधिकार देऊन चालवता. क्रॅक करताना गेमच्या फाइलमध्ये फेरफार होतो, त्यामुळे अँटिव्हायरसचा इशारा कधीकधी खरंच खोटा असतो. म्हणून तर खरा इशाराही लोक झटकून टाकतात. २०२१ मध्ये अवास्ट या अँटिव्हायरस कंपनीने ‘क्रॅकोनॉश’ नावाचं मालवेअर, म्हणजे घातक प्रोग्राम, उघड केलं. नामांकित गेमच्या क्रॅकमधून ते पसरत होतं, संगणक सेफ मोडमध्ये नेऊन अँटिव्हायरस काढून टाकत होतं आणि मागे बसून त्याच संगणकाच्या ताकदीवर मोनेरो हे आभासी चलन मिळवत होतं. दोन लाखांहून अधिक संगणक बाधित झाले आणि ते पसरवणाऱ्यांनी २० लाख डॉलरहून जास्त कमावले. त्याच संगणकावर तुमचं बँकेचं लॉगिन असेल तर गेमची वाचलेली किंमत फार छोटी ठरते. शिवाय अपडेट मिळत नाहीत, ऑनलाइन खेळणं बहुतेक बंद, खेळाची नोंद (सेव्ह) क्लाउडवर जात नाही.

तरी एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य करायला हवी. काही वेळा पैसे देणाऱ्याच्याच वाट्याला निकृष्ट माल आला आहे. २०१३ मध्ये ‘सिमसिटी’ला सतत इंटरनेट लागायचं. लाँचला सर्व्हर कोलमडले आणि एकट्याने शहर वसवू पाहणारे लोकही पैसे भरून दाराबाहेर उभे राहिले. पायरसी हा बहुतेक वेळा किमतीचा नव्हे तर सेवेचा प्रश्न असतो, असं स्टीम चालवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीचे गेब न्यूवेल २०११ पासून सांगत आले आहेत, आणि ते मला पटतं. ‘विचर ३’ कॉपी-संरक्षणाशिवाय विकला गेला, तरी ५ कोटींहून अधिक प्रती खपल्या. कुलूपच नको असेल तर आधी गॉग हे ऑनलाइन दुकान पाहा. तिथे इन्स्टॉलर उतरवून स्वतःच्या डिस्कवर ठेवता येतो. क्रॅककडून लोकांना जे हवं असतं त्यातलं बरंचसं तिथे रीतसर मिळतं.

निम्म्या दरातली की

‘निदान पैसे तर देतोय’ या समाधानात लोक हा रस्ता पकडतात, आणि इथेच सर्वांत मोठी फसगत होते. सगळ्याच की चोरीच्या नसतात. काही स्वस्त दराच्या देशातून आलेल्या असतात, काही बंडलमधल्या (एकत्र विकलेल्या गेमच्या संचातल्या) शिल्लक. पण एक प्रकार असा चालतो: चोरलेल्या क्रेडिट कार्डावर स्टुडिओच्या साइटवरून कींचा गठ्ठा घेतला जातो आणि लगेच की-बाजारात विकला जातो. काही आठवड्यांनी कार्डाचा खरा मालक बँकेत तक्रार करतो. बँक स्टुडिओकडून रक्कम परत घेते आणि वर दंडही लावते. स्टुडिओच्या हातून गेम गेला, पैसे गेले आणि दंडही गेला. तुमचे पैसे पोहोचले कार्ड चोरणाऱ्याकडे. पुढे ती की रद्द झाली तर तुम्हीही हात हलवत राहता.

म्हणूनच २०१९ मध्ये नो मोअर रोबॉट्स या गेम-प्रकाशकाचे माइक रोझ आणि व्लॅम्बीर या स्टुडिओचे रामी इस्माइल यांनी उघडपणे सांगितलं की जीटूए या की-बाजारातून घेण्यापेक्षा आमचे गेम सरळ पायरेट करा. पुढे ‘फॅक्टोरिओ’ या गेमच्या चोरीच्या १९८ की आपल्या बाजारात विकल्या गेल्याचं जीटूएने २०२० मध्ये मान्य केलं आणि वुबे या स्टुडिओला ३९,६०० डॉलर भरपाई दिली. ज्यांचं पोट गेमवर चालतं त्यांनीच क्रॅकपेक्षा ही की वाईट म्हणावी, याला माझ्या लेखी फार वजन आहे. चारांत हा एकच रस्ता मी कोणालाही सुचवणार नाही.

थांबणं

खिसा रिकामा असेल तर मी डोळे मिटून याच बाजूला उभा राहीन. गेम दुकानाच्या विशलिस्टमध्ये टाका आणि विसरा. सहा महिने, वर्ष उलटलं की बहुतेक गेम सेलमध्ये निम्म्यावर येतात, पुढे आणखी उतरतात. ‘फॅक्टोरिओ’सारखे, कधीच सेल न लावणारे अपवाद मोजके. वर गेम सुधारलेलाही मिळतो: ‘सायबरपंक २०७७’ डिसेंबर २०२० मध्ये आला तेव्हा इतका बिघडलेला होता की सोनीने तो आपल्या दुकानातून काढून टाकला. २०२३ च्या मोठ्या अपडेटनंतर तो खेळणाऱ्यांना कितीतरी चांगला गेम कमी पैशांत मिळाला. आवडेल की नाही याची धास्ती असेल तर ‘आधी क्रॅक करून बघतो’ म्हणायचंही कारण उरलेलं नाही. स्टीमवर घेतल्यापासून १४ दिवसांत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला असेल तर पैसे परत मिळतात. एपिक हे ऑनलाइन दुकान दर आठवड्याला गेम फुकट देतं.

पूर्ण किंमत मोजायचीच असेल तर ती छोट्या स्टुडिओच्या गेमला, तीही पहिल्या आठवड्यात मोजा. तिथे तुमचा एकेक रुपया सर्वाधिक कामी येतो. मोठ्या कंपनीचा गेम सेलपर्यंत थांबला तर कोणाचं फार बिघडत नाही.

जे कुठेच विकलं जात नाही

इथे पारडं फिरतं. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये दाखवलं की अमेरिकेत निघालेल्या जुन्या गेमपैकी ८७ टक्के आज बाजारात मिळतच नाहीत. निन्टेन्डोने मार्च २०२३ मध्ये थ्रीडीएस आणि वी यू या आपल्या गेम-यंत्रांची ऑनलाइन दुकानं बंद केली. ‘द क्रू’ या ऑनलाइन गेमचे सर्व्हर ३१ मार्च २०२४ ला बंद झाले आणि विकत घेतलेल्यांनाही तो खेळता येईना. अशा गेमची प्रत उतरवल्याने कोणाच्या खिशातला पैसा जात नाही, कारण पैसे घेऊन तो विकणारं दुकानच नाही. कायदा मात्र हा फरक मानत नाही: बहुतेक देशांत कॉपीराइट अनेक दशकं चालतो, बाजारात गेम असो वा नसो. माझ्या मते ती कायद्याची चूक आहे. तरी धोका पत्करणारे तुम्ही असाल, हे धरूनच ठरवा.

त्याआधी पुनर्प्रकाशन झालंय का ते जरूर शोधा, कारण जुने गेम अधूनमधून परत येत असतात. गॉगवर ‘ड्रीमलिस्ट’ आहे, तिथे हव्या त्या जुन्या गेमला मत देता येतं. गेमचे हक्क ज्यांच्याकडे आहेत त्यांच्याशी बोलताना गॉगला ही मतं दाखवता येतात. मत द्या, आणि गेम दुकानात आला की आधी उतरवलेली प्रत असली तरी विकत घ्या.