काटेरी पट्टा की रात्रीचा पिंजरा? बिबट्याच्या भागात कुत्रा पाळणाऱ्यांसाठी

कुत्र्याला काटेरी पट्टा घालावा का, हे ठरवण्याआधी एक प्रश्न विचारायचा: कुत्रा रात्री झोपतो कुठे? वस्तीवर ओट्यापाशी साखळीला बांधलेला असतो, मेंढरांच्या वाड्याभोवती मोकळा फिरतो, उसाला पाणी द्यायला मालकाबरोबर जातो, की फ्लॅटच्या बाल्कनीत असतो? या चौघांची उत्तरं वेगळी आहेत.

आधी एक घोळ मिटवू. काटेरी पट्टे दोन प्रकारचे. एकाचे काटे बाहेर असतात. तो कुत्र्याची मान वाचवायला. दुसऱ्याचे दाते आत, मानेकडे असतात. ओढाळ कुत्र्याला चालायला शिकवण्याच्या नावाखाली तो विकला जातो. दुकानात दोन्ही एकाच खुंटीला टांगलेले दिसतात. इथे मुख्यतः बाहेरच्या काट्यांबद्दल लिहिलंय, आतल्या दात्यांबद्दल शेवटाकडे थोडं.

बिबट्याला कुत्रा हे सोपं भक्ष्य. अकोले तालुक्यात वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी बिबट्याच्या विष्ठेचा अभ्यास केला होता, तो २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. खाल्लेल्या भक्ष्याच्या एकूण वजनात पाळीव कुत्र्यांचा वाटा ३९ टक्के निघाला, शेळ्यांपेक्षा कितीतरी जास्त. २०२५ च्या अखेरीस शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेडला माणसंच गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालून शेतात जाऊ लागली आणि हा पट्टा बातम्यांत आला. पट्टा मात्र जुना. गद्दी आणि भोटिया कुत्र्यांच्या गळ्यात हिमालयातले मेंढपाळ बिबट्यासाठी पत्र्याचे पट्टे घालतात, तुर्कस्तानातल्या कंगाल कुत्र्यांना लांडग्यांसाठी लोखंडी काटे असतात. दोन हजार वर्षांपूर्वीच्या रोमन शेतीविषयक लिखाणात तर तो कसा बनवायचा हेही आहे: मजबूत चामडं, डोक्याचे खिळे, आणि खिळ्यांच्या डोक्यांवर आतून शिवलेलं मऊ कातडं. तो आतला थर आपल्याकडे घरी बनवलेल्या निम्म्या पट्ट्यांत नसतो. पट्टा फसण्याचं हे पहिलं कारण.

पट्टा नेमकं काय करतो

बिबट्या दबा धरून येतो. मोठ्या कुत्र्याचं नरडं धरून तो श्वास कोंडतो, लहान कुत्र्याला मानेमागे किंवा थेट कवटीवर चावून उचलतो. काट्यांचं काम त्याला जखमी करणं नाही. जबडा पुरता मिटू न देणं, एवढंच. टाळूला आणि हिरड्यांना काटे टोचले की पकड सैल होते. त्या दोन-चार सेकंदांत मोकळा कुत्रा सुटून पळतो आणि भुंकण्यानं माणसं जागी होतात.

बांधलेला कुत्रा पळणार कुठे? पहिली पकड सुटली तर बिबट्या दुसऱ्यांदा खांदा, पोट किंवा मांडी धरतो, आणि तिथे पट्टा नसतो. म्हणून साखळीला बांधून ठेवायच्या कुत्र्याला काटेरी पट्टा घालणं हे मालकाच्या समाधानापुरतं आहे. दहा किलोच्या आतल्या कुत्र्याचंही तेच, कारण त्याचं डोकंच बिबट्याच्या तोंडात मावतं. आणि पट्टा बघून बिबट्या अंगणात यायचा थांबत नाही.

लोखंडी, चामडी, बाजारी

लोहाराकडून करून घेतलेला लोखंडी पट्टा म्हणजे कड्यांनी जोडलेल्या पट्ट्या आणि त्यांवर वेल्ड केलेले काटे. टिकाऊ खरा, पण वजन भरतं. वीस-बावीस किलोच्या गावठी कुत्र्याच्या गळ्यात चारशे ग्रॅमपेक्षा जास्त काही नसावं, असं आमचं मत. लोखंडी पट्टा ते सहज ओलांडतो. उन्हाळ्यात तापतो, पावसात गंजतो, कड्यांच्या फटीत केस अडकतात आणि सगळं वजन मानेच्या खालच्या बाजूला येऊन कातडी सोलली जाते. पस्तीस-चाळीस किलोचा, जाड आयाळीचा डोंगरी कुत्रा तो पेलतो. आपल्याकडच्या आखूड केसांच्या, सडपातळ कुत्र्यांना तो नको.

चामडी पट्टा बरा, पण मापात केला तर. रुंदी ६ ते ७ सेंमी ठेवा. आम्ही काट्यांच्या लांबीपेक्षा रुंदीला जास्त महत्त्व देतो, कारण अरुंद पट्ट्याच्या वर किंवा खाली बिबट्याच्या दाताला जागा मिळते. चामडं साडेतीन-चार मिलिमीटर जाडीचं. काटे २ ते अडीच सेंमी उंच, तीन ओळींत, वरच्या ओळीच्या फटीत खालचा काटा येईल असे तिरके मांडलेले, दोन काट्यांत साधारण ३ सेंमी अंतर. काटा याहून लांब केला की तो वाकतो, कुंपणात अडकतो, आणि कुत्रा पुढच्या पायांवर डोकं टेकून झोपला की त्यालाच टोचतो. मग तो झोपतच नाही, किंवा दोन रात्रींत पट्टा कुरतडून काढतो.

साधे खिळे आतून बाहेर ठोकणं ही घरगुती पद्धत. चालते, पण खिळ्याचं डोकं लहान असतं, दाब आला की ते चामड्यातून आरपार येतं आणि खिळा गळून पडतो. प्रत्येक खिळ्याच्या डोक्याखाली वॉशर घाला. त्याहून बरा बोल्ट: ५ मिमीचा, डोकं आत, बाहेरून वॉशर आणि नट, नटाच्या वर उरलेला दांडा कानशीनं निमुळता करायचा. टोक सुईसारखं करू नका, किंचित बोथट ठेवा. सुईसारखं टोक तोंडात मोडतं, आणि ते तोंड बिबट्याचंच असेल असं नाही. शेजारचं वासरू, तुमचा हात, लहान मुलाचा गाल, काहीही असू शकतं. सगळे काटे बसले की आतून मऊ कातड्याचा किंवा जाड नमद्याचा (दाबलेल्या लोकरीचा) सलग थर शिवायचा. चिकटवलेला थर पहिल्या पावसात सुटतो. बक्कल मानेच्या बाजूला येऊ द्या, नरड्यावर नको, कारण बक्कलपाशी काटे नसतात. गावातला चर्मकार कारागीर हे काम नीट करतो. फक्त मान मोजून न्या, अंदाजानं सांगू नका.

मान मोजताना शिवणकामाची टेप मानेच्या मध्यावर धरा, त्यात आतल्या थरासाठी २ सेंमी मिळवा. घातल्यावर पट्ट्याखाली दोन बोटं आडवी सरकली पाहिजेत. तीन सरकली तर तो फिरतो आणि पुढचा पाय त्यात अडकतो. एकच सरकलं तर पाणी पिताना घशाला दाब येतो.

बाजारातले चकचकीत पट्टे रेक्झिनचे असतात, काटे पोकळ आणि स्क्रूनं बसवलेले. बोटानं फिरवले तरी ढिले होतात, पडले की कुत्रा ते गिळतो. रेक्झिन ओढलं की फाटतं. बिबट्यासाठी त्यांचा काडीचा उपयोग नाही, मिरवायला घ्यायचे तर घ्या.

पिंजरा

वस्तीवरच्या राखणीच्या कुत्र्यासाठी आमचं उत्तर पट्टा नाही. संध्याकाळी बंद होणारा पिंजरा. कुत्रा आतून भुंकतो, राखण होते आणि बिबट्याच्या हाती काही लागत नाही. कुत्रा सापडत नाही म्हटल्यावर त्या घराभोवतीच्या त्याच्या चकराही कमी होतात. पट्ट्यानं ते होत नाही.

मध्यम कुत्र्याला चार फूट लांब, तीन फूट रुंद, साडेतीन फूट उंच पुरे. सांगाडा ३५ मिमीच्या अँगलचा, जाळी १० गेजची वेल्डमेश (वेल्ड केलेल्या तारांची), जाळीचं घर, म्हणजे भोक, एक इंचाचं. इथे बहुतेक जण चुकतात. दोन किंवा तीन इंचाचं घर स्वस्त पडतं, पण त्यातून बिबट्याचा पंजा आत जातो आणि जाळीला टेकून झोपलेल्या कुत्र्याला तो ओरबाडून ओढतो. मोठ्या घराची जाळी आधीच असेल तर तिच्या बाहेरून अर्धा फूट सोडून दुसरी जाळी लावा. कोंबड्यांची षटकोनी जाळी चालत नाही, ती हातानंही फाटते. छताला नुसता पत्रा नको, त्याखाली तीच वेल्डमेश हवी, कारण पत्र्याचे हुक उचकटतात. खाली फरशी किंवा कोबा, त्यावर चार बोटं उंच फळी, तीही जाळीपासून दूर, मधोमध. कडी खटक्याची नको. आडवी कडी आणि तिला कुलूप किंवा बोल्ट हवा.

गैरसोय एकच, पण मोठी: रोज संध्याकाळी बंद करायची आठवण. अंधार पडल्यावर करू म्हटलं की उशीर होतो. दिवे लागायच्या आधी, जनावरांची धार काढायच्या वेळेलाच कुत्रा आत घ्यायची सवय लावा. खाणं पिंजऱ्यातच दिलं की तो आपसूक जातो.

मग पट्टा कुणासाठी

मेंढपाळांच्या वाड्यावरच्या कुत्र्यांसाठी, नक्की. मेंढरं वाघरीच्या (जाळीच्या कुंपणाच्या) आत आणि कुत्री बाहेर, रोज मुक्काम वेगळा. तिथे पिंजरा कुठून आणणार? माळरानावर धोका लांडग्यांचा असतो, डोंगराकडेला आणि उसाच्या भागात बिबट्याचा. मान दोघांपासूनही वाचवावी लागते. एकट्याच कुत्र्याला पट्टा घालून बाकीचे उघडे ठेवले तर बिबट्या उघड्याला धरतो. वाड्यावर घालायचे तर सगळ्यांना घाला. पण पट्टा घातलेली दोन कुत्री खेळात एकमेकांची मान धरतात, तेव्हा डोळा फुटतो. म्हणून दिवसा पट्टे काढून ठेवायचे.

दुसरा गट रात्री पाणी द्यायला जाणाऱ्यांचा. थ्री-फेज लाइट बऱ्याचदा रात्री मिळते, माणूस मोटार चालू करायला उसातून जातो, कुत्रा पुढे. तिथे पट्टा घाला आणि कुत्र्याला पुढे सोडू नका, बरोबर ठेवा. उसाचं वाळलेलं पाचट आणि घाणेरीच्या जाळ्या यांत काटे अडकतात, म्हणून पट्ट्याला लोंबणारी कडी, घंटा, बिल्ला काहीही नको. पट्टा अडकला तर कुत्रा हिसडे देतो आणि फास बसतो. शेतातून परत येईपर्यंत कुणाचं लक्ष जात नाही, आणि अशी कुत्री बिबट्यानं नाही तर आपल्याच पट्ट्यानं मरतात.

साखळी काटेरी पट्ट्याला कधीही अडकवू नका. ओढ बसली की पट्टा फिरतो, खिळ्यांची डोकी श्वासनलिकेवर दाबली जातात. बांधायचंच असेल तर छातीवरचा हार्नेस वेगळा. आखूड किंवा जड साखळीला प्राणी जास्त वेळ बांधून ठेवणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हाही आहे. आणि काट्यांना विष लावायची कल्पना कुणी सुचवली तर ऐकू नका. बिबट्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, आणि तो पट्टा कुत्रा स्वतःही चाटतो.

सवय एका दिवसात लागत नाही. चार-पाच दिवस तेवढ्याच रुंदीचा बिनकाट्यांचा पट्टा, मग काटेरी पट्टा जेवणाच्या वेळी अर्धा तास, मग रात्रभर. आठ महिन्यांच्या आतल्या पिल्लाला नको. मान वाढते, पट्टा तसाच राहतो आणि कातडीत रुततो. रोज सकाळी पट्टा काढून मानेवरून बोट फिरवा: केस गेलेत का, ओल आहे का, गोचीड आहेत का. पावसाळ्यात ओल्या चामड्याखाली एका आठवड्यात जखम होते, तिच्यावर माशी बसते आणि किडे पडतात. दोन पट्टे आलटूनपालटून वापरले तर एक सावलीत वाळतो. उन्हात वाळवला की चामडं कडक होतं. महिन्यातून एकदा चामड्याला एरंडेल चोळा.

शहरातल्यांसाठी

फ्लॅटमधल्या कुत्र्याला बाहेरच्या काट्यांची गरज नाही. लिफ्टमध्ये, मुलांच्या उंचीवर, गाडीच्या सीटवर त्याचा त्रासच. मुंबईत आरेजवळ किंवा संजय गांधी उद्यानाला लागून राहणाऱ्यांना बिबट्याची भीती असते. ती अंधार पडल्यावर कुत्र्याला दोरीशिवाय न सोडण्यानं आणि कचरा उघडा न ठेवण्यानं कमी होते.

आतल्या दात्यांचा पट्टा घेऊ नका, इतकं सरळ सांगतो. स्वित्झर्लंडनं तो बंद केला आहे, ऑस्ट्रेलियात त्याची आयात होत नाही. ओढणाऱ्या कुत्र्याला दुखलं की तो ओढायचं थांबतो खरा, पण ते दुखणं समोर दिसलेल्या दुसऱ्या कुत्र्याशी किंवा मुलाशी जोडतो आणि गुरगुरायला लागतो. छातीवर पुढे कडी असलेला हार्नेस आणि खिशात खाऊ, यानं तेच काम तीन-चार आठवड्यांत होतं.

पट्टा असूनही पकड बसली तर

कुत्रा सुटून आला, रक्त फारसं नाही, म्हणून थांबू नका. बिबट्याच्या सुळ्याची जखम वरून वाटाण्याएवढी दिसते आणि आत खोल असते. वरचं तोंड मिटलं की आत पू होतो. पट्टा कापून काढा, ओढून नको. वाहत्या पाण्यात साबणानं पंधरा मिनिटं धुवा, पोव्हिडोन आयोडीन लावा. हळद-चुना भरू नका. मानेची कातडी दाबल्यावर खाली कुरकुर वाजत असेल तर श्वासनलिकेला भोक पडून हवा भरते आहे, त्याच क्षणी डॉक्टरकडे न्या. रेबीजची लस आधी झालेली असली तरी बूस्टर लागतो, आणि जखम धुणाऱ्याच्या हाताला खरचटलं असेल तर त्यानंही दवाखान्यात जायचं. वनविभागाला १९२६ वर कळवा, आणि त्या रात्री घरातली बाकीची कुत्री, शेळ्या, कोंबड्या आत घ्या. शिकार हुकलेला बिबट्या बऱ्याचदा त्याच वस्तीवर पुन्हा येतो.