स्टारड्यू व्हॅली की अ‍ॅनिमल क्रॉसिंग? आधी स्वतःचा वेळ बघा

नोकरी, घर, प्रवास यांतून थोडा वेळ उरतो आणि त्यात निवांत काहीतरी खेळायचंय, असं कोणी म्हटलं की दोन नावं हमखास पुढे येतात. एक स्टारड्यू व्हॅली, दुसरं अ‍ॅनिमल क्रॉसिंग: न्यू होरायझन्स. दोन्हींत छोटं गाव आहे, मासेमारी आहे, गप्पा मारणारे शेजारी आहेत. खेळ कायमचा हरण्याची भीती नाही. त्यामुळे बहुतेक जण दोन्ही गेम एकाच माळेचे मणी समजतात आणि चित्रं जास्त आवडली तो उचलतात.

माझं म्हणणं असं की चित्रांवरून ठरवू नका. हे दोन गेम वेळेच्या बाबतीत एकमेकांच्या अगदी उलट वागतात. आपल्याला वेळ कधी मिळतो, सलग किती मिळतो आणि मध्येच उठावं लागतं का, यावर कोणता गेम सुख देईल हे ठरतं.

आधी स्टारड्यू. एरिक बॅरोन या अमेरिकी तरुणाने तो चार वर्षांहून अधिक काळ एकट्याने बनवला. चित्रं त्याची, संगीत त्याचं, प्रोग्रामिंगही त्याचं. 2016 च्या फेब्रुवारीत तो पीसीवर आला, पुढे कन्सोलवर (म्हणजे गेम खेळायच्या खास यंत्रावर) आणि मग मोबाइलवर. आजोबांनी सोडलेलं पडीक शेत मिळतं, दगड-ओंडके काढायचे, बी पेरायचं, रोज झारीने पाणी घालायचं. या शेतावर घड्याळ मात्र पळत असतं. गेममधली दहा मिनिटं म्हणजे आपले सुमारे सात सेकंद. सकाळी सहाला उठायचं आणि रात्री दोनच्या आत अंथरुणात असायचं. असा पूर्ण दिवस आपल्या साधारण 14 मिनिटांत संपतो. दोन वाजले आणि तुम्ही बाहेरच असलात, तर चक्कर येऊन पडता आणि खिशातले थोडे पैसे जातात.

पहिले काही दिवस या घड्याळाची धास्ती वाटते. अजून पाणी घालून व्हायचंय, दुकान पाचला बंद होणार, नदीवर जायचं राहिलं. निवांतपणासाठी आलेला माणूस इथेच वैतागतो आणि गेम सोडतो. मला याचं फार वाईट वाटतं, कारण गेमचे नियम नीट पाहिले तर घाई करायचं कारण दिसत नाही. एखाद्या दिवशी पाणी घातलं नाही तर पीक मरत नाही, त्याची वाढ तेवढी एक दिवस थांबते. गाय-कोंबडी उपाशी राहिली तरी दगावत नाही, फक्त रुसते. एकट्याने खेळताना मेनू उघडला की घड्याळ थांबतं. दाराची बेल वाजली, दूध उतू जायला आलं, तर एक बटण दाबून निर्धास्त उठा.

खरी गाठ ऋतूंची आहे. गेममध्ये 28 दिवसांचे चार ऋतू आहेत आणि ऋतू बदलला की त्या ऋतूचं उभं पीक वाळून जातं. काही मासे एकाच ऋतूत मिळतात. स्ट्रॉबेरीचं बी वसंतातल्या 13 तारखेच्या जत्रेत मिळतं, ती हुकली तर पुढच्या वसंतापर्यंत थांबायचं. दिवस पूर्ण खेळले तर गेममधलं एक वर्ष म्हणजे आपले 26 तास. रोज अर्धा तास मिळणाऱ्या माणसाचे यात जवळपास दोन महिने जातील. ज्याला काही राहून गेलं की चैन पडत नाही, त्याने हे आधीच ओळखून असावं. तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला वारलेल्या आजोबांचा आत्मा येऊन कामाचा हिशेब घेतो, तेव्हाही पुष्कळ जण धास्तावतात. पण तो निकाल कायमचा नसतो. नंतर शेतावरच्या आजोबांच्या स्मारकावर हिरा वाहून पुन्हा मूल्यमापन करून घेता येतं, कितीही वर्षांनी. थोडक्यात, गेममध्ये कुठेही 'आता सगळं संपलं' असं होत नाही.

दुसरी अडचण बारीक वाटते, पण ती जास्त छळते. पीसी आणि कन्सोलवर स्टारड्यू फक्त झोपल्यावर सेव्ह होतो. म्हणजे दिवस अर्ध्यात सोडला तर सकाळपासूनचं काम गेलं. झोपलात की लगेच नवी सकाळ, नवी टवटवीत झाडं, आणि 'एवढा एक दिवस' म्हणत हात पुढे सरकतो. रात्री अकराला बसलेला माणूस दीड वाजेपर्यंत उठत नाही तो यामुळेच. सकाळी लवकर उठायचं असेल तर ही सवय घातक आहे, एवढं सांगून ठेवतो. मोबाइलवर मात्र मध्येच बाहेर पडलं तरी प्रगती जपून ठेवण्याची सोय आहे. म्हणून डोंबिवली किंवा विरारहून लोकलने रोज जाणाऱ्याला मी बेधडक मोबाइलची आवृत्ती सांगेन. एकदाच पैसे द्यायचे, मग जाहिरात नाही, गेममध्ये खरेदी नाही, इंटरनेटही लागत नाही. बोटाने मासेमारी करणं जरा जड जातं, पण शेतीला काही अडत नाही.

आता अ‍ॅनिमल क्रॉसिंग. निन्टेंडोचा हा गेम 20 मार्च 2020 ला आला, जग घरात कोंडलं गेलं त्याच आठवड्यांत, आणि असंख्य लोकांनी आपल्या माणसांना भेटायला गेममध्ये वसवलेल्या एकमेकांच्या बेटांवर जायला सुरुवात केली. इथलं घड्याळ म्हणजे तुमच्या घरातलंच घड्याळ. बाहेर संध्याकाळ असेल तर बेटावरही संध्याकाळ. पूल बांधायला घेतला आणि पैसे भरले, तर तो उद्या तयार होणार. आज कितीही तास बसा, उद्या आजच येणार नाही. जमिनीत पुरलेली जीवाश्मं रोज चारच. त्यामुळे वीस-तीस मिनिटांत दिवसाची कामं उरकतात आणि गेम स्वतःच तुम्हाला मोकळं करतो. सोडताना सेव्हची चिंता नाही. बेटाचा कारभार पाहणाऱ्या टॉम नूककडून घराचं कर्ज घेता, पण त्याला व्याज नाही आणि मुदतही नाही. हप्त्यांखाली दबलेल्या माणसाला ही गोष्ट केवढी सुखावते, ते खेळल्यावर कळतं.

पण घड्याळ खरं असण्याची किंमतही आहे. बेटावरचं मुख्य दुकान सकाळी आठला उघडतं आणि रात्री दहाला बंद होतं. रात्री जेवणं आटोपून, मुलांना झोपवून साडेदहाला खेळायला बसणाऱ्याला दुकानाचं दार बंदच दिसणार. दुकानं तासभर जास्त उघडी ठेवण्याचा नियम बेटावर पुढे लागू करता येतो, पण सुरुवातीला तो मिळत नाही. टर्निप (आठवड्यात भाव चढला की विकून नफा कमवायचे कंद) विकणारी मुलगी फक्त रविवारी दुपारी बारापर्यंत असते. ज्यांच्या रविवारच्या सकाळी मंडई, पाहुणे आणि राहिलेली कामं यांत जातात, त्यांनी टर्निपचा नाद सोडलेला बरा. त्यावाचून काही बिघडत नाही. कन्सोलची तारीख पुढे ढकलून हे सगळं चुकवता येतं आणि अनेक जण तसं करतात. मला त्यात चुकीचं काही वाटत नाही. खेळ तुमचा, वेळही तुमची. फक्त टर्निप जवळ असताना तारीख मागे नेऊ नका, ते सडतात.

दोन महिने खेळला नाहीत तर काय? बेटावर तण माजतं, घरात झुरळं फिरतात, शेजारी 'कुठे होतात इतके दिवस' म्हणून विचारतात. पण तुमच्या संमतीशिवाय कोणी अचानक गाव सोडून जात नाही. तासभर तण उपटलं की बेट पुन्हा आपलं. स्टारड्यूत तर तुम्ही वर्षाने परतलात तरी शेत सोडलं तसंच उभं असतं, एक काडी हललेली नसते. अडचण एवढीच की आपण काय करत होतो ते आपल्याला आठवत नाही. खेळ बंद करताना चार ओळी लिहून ठेवायची सवय लावा: कुठलं पीक कुठे, पेटीत काय ठेवलंय, कोणाला काय द्यायचंय.

अ‍ॅनिमल क्रॉसिंगमध्येही रोज यायला लावणारी एक छोटी गोष्ट आहे. बेटावरच्या एका यंत्रावर रोज हजेरी लावली तर गुण वाढत जातात, सातव्या दिवसापर्यंत. एक दिवस चुकला की पहिल्यापासून. मला हे या गेमला शोभत नाही असं वाटतं. त्याकडे सरळ दुर्लक्ष करा. ते गुण इतर छोट्या कामांतून भरपूर मिळतात.

घरात खेळणारे एकाहून जास्त असतील तर हा भाग दोनदा वाचा. अ‍ॅनिमल क्रॉसिंगमध्ये एका कन्सोलवर एकच बेट असतं. त्यावर आठ जण राहू शकतात, पण बेटाचं पुढचं पान पहिला खेळाडूच उलटू शकतो. थोरलीने बेट सुरू केलं तर धाकट्याला तिच्या गतीने चालावं लागतं, आणि यावरून घराघरांत खरी भांडणं होतात. स्टारड्यूत प्रत्येकाला स्वतःचं वेगळं शेत करता येतं, शिवाय एकत्रही खेळता येतं. मात्र एकत्र खेळताना एकाने मेनू उघडला तरी घड्याळ थांबत नाही. नवरा-बायको मिळून खेळणार असाल तर आज कोण पाणी घालणार आणि कोण खाणीत जाणार हे आधी ठरवून घ्या, दिवस छान जातो.

खर्चाचं गणित अगदी सोपं आहे. स्टारड्यू जुन्या लॅपटॉपवरही चालतो, मोबाइलवर तर चालतोच, आणि त्याचे आजवरचे सगळे मोठे अपडेट फुकट मिळाले आहेत, 2024 चा 1.6 सुद्धा. अ‍ॅनिमल क्रॉसिंगला निन्टेंडोचाच स्विच हा कन्सोल लागतो. स्विच भारतात अधिकृतपणे विकायला आलाच नाही. दुकानांत मिळतो तो आयात केलेला, आणि बिघडला तर दुकानदाराच्या शब्दावर सगळं. फक्त या एका गेमसाठी तो घ्यायला मी कोणाला सांगणार नाही. घरात आधीच असेल, किंवा परदेशातून कोणी आणणार असेल, तर गोष्ट वेगळी. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमधल्या मराठी घरांनी सुरुवातीलाच दक्षिण गोलार्ध निवडावा, म्हणजे बेटावरचा हिवाळा खिडकीबाहेरच्या हिवाळ्याशी जुळेल. ती निवड नंतर बदलता येत नाही.

भाषेचं म्हणाल तर दोन्हींत मराठी नाही, हिंदीही नाही. संवाद वाचायचे असतात, पण इंग्रजी साधं आहे. आईवडिलांना शिकवणार असाल तर पहिले काही दिवस शेजारी बसावं लागेल.

कोणाला दोन्ही घड्याळं नकोशी वाटली, तर तिसरं नाव सांगतो: डॉर्फरोमँटिक. बर्लिनच्या छोट्या चमूने केलेला, 2022 मध्ये पूर्ण स्वरूपात आलेला. षटकोनी फरशा एकमेकींना जोडत जायचं, जंगलाला जंगल, नदीला नदी, घरांना घरं. घड्याळ नाही, ऋतू नाही, शेजाऱ्यांचा रुसवा नाही. एक फरशी हातात धरून दहा मिनिटं विचार केला तरी कोणी टोकत नाही. गोष्ट आणि माणसं मात्र त्यात नाहीत, त्यामुळे ज्यांना कोणाशी तरी बोलायचं आहे त्यांना तो पुरणार नाही.

तर निवड अशी. वेळ कधीही, कसाही, तुकड्या-तुकड्याने मिळत असेल तर मोबाइलवर स्टारड्यू. रोज संध्याकाळी ठरलेला अर्धा तास असेल आणि कन्सोल घरात असेल तर अ‍ॅनिमल क्रॉसिंग. आठवड्यातून एकदा तीन-चार तास सलग मिळत असतील तर पुन्हा स्टारड्यूच, पण मोठ्या पडद्यावर. अशा माणसाला अ‍ॅनिमल क्रॉसिंग पहिल्या तासानंतर काही देणार नाही. डोकं शिणलेलं असताना काही वाचायचं, लक्षात ठेवायचं नको असेल तर डॉर्फरोमँटिक.

पीसीवर स्टीम या ऑनलाइन दुकानातून घेत असाल तर खरेदीपासून 14 दिवसांत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असाल तर पैसे परत मागता येतात. स्टारड्यूत दोन तास म्हणजे शेतावरचे सात-आठ दिवस, तेवढ्यात पहिली पार्सनिप (गाजरासारखा कंद) काढून विकून होते. ती विकल्यावरही घड्याळाचा त्रासच होत असेल तर पैसे परत घ्या. गेम आवडला पण दिवस फार तोकडा वाटतो, असं असेल तर पीसीवर टाइमस्पीड नावाचा मॉड (गेममध्ये बदल करणारी, इतरांनी बनवलेली जोडणी) मिळतो. तो घालून दिवस हवा तेवढा लांबवा.