हेवीच्या टेस्टचा रिव्हर्स: जळगाव एमआयडीसीजवळच्या ड्रायव्हिंग स्कूलचा रिव्ह्यू

सरळ रस्त्यावर ट्रक चालवायला माणूस कुठेही शिकतो. जळगावात एमआयडीसीच्या बाजूला मैदान घेऊन हेवीचं, म्हणजे ट्रकसारख्या अवजड गाड्यांचं, ट्रेनिंग देणाऱ्या या स्कूलमध्ये जायचं ते रिव्हर्ससाठी, म्हणून इथे लिहितोय तेही मुख्यतः रिव्हर्सबद्दलच.

केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 च्या नियम 15 मध्ये टेस्टला काय करून दाखवायचं ते दिलंय. गाडी मागे घेत डावीकडच्या किंवा उजवीकडच्या मर्यादित जागेत, ताबा न सोडता नीट घालणं हा त्यातला एक भाग. बऱ्याच ठिकाणी सराव उजवीकडचाच होतो, कारण ड्रायव्हर उजवीकडे बसतो आणि खिडकीतून डोकं काढलं की मागचं चाक दिसतं. डावी बाजू दिसते ती फक्त आरशात. या स्कूलमध्ये सरळ रिव्हर्स जमला की लगेच डावी बाजू सुरू करतात आणि जास्त वेळही तिलाच देतात. हे अगदी बरोबर आहे.

मैदानावर चुन्याच्या रेघा आणि बांबू लावलेले आहेत. सुरुवातीला दोन बांबूंमध्ये बारा फुटांचं अंतर असतं, नंतर ते दहावर आणतात. हौदा (ट्रकचा माल भरायचा भाग) साधारण आठ फूट रुंद, म्हणजे दोन्ही बाजूंना एकेक फूट उरतो. बांबू केबिनच्या आरशापेक्षा उंच आहेत, ही गोष्ट आवर्जून सांगण्यासारखी. कमरेएवढे खुंटे रोवले की हौदा आत गेला म्हणजे काम झालं असं शिकणाऱ्याला वाटतं, आणि खऱ्या गेटमध्ये बाहेर आलेला आरसा खांबाला लागतो.

डावीकडच्या रिव्हर्सची पद्धत इथे तपशिलात शिकवतात. पुढे जाताना डाव्या रेघेला चिकटायचं नाही, आठ-दहा फूट जागा सोडायची. चिकटून सुरुवात केली तर दहा फुटांच्या जागेत एका दमात गाडी बसतच नाही, डावं मागचं चाक जवळच्या बांबूवर चढतं. फाळका (हौद्याची मागची फळी) जवळच्या बांबूच्या सहा-सात फूट पुढे गेला की थांबायचं. बांबू डाव्या आरशात दिसलाच पाहिजे. दिसत नसेल तर अजून पुढे घ्यायचं. (हे माप इथल्या सहाचाकी गाडीचं आहे, लांब चेसिसला वाढतं.) गाडी पूर्ण थांबल्यावरच रिव्हर्स टाकायचा, नाहीतर गिअर करकरतो. मग गाडी सरकू लागली की स्टेअरिंग डावीकडे. उभ्या गाडीत स्टेअरिंग पिळलं की टायर घासतात आणि पॉवर स्टेअरिंगवर विनाकारण जोर येतो.

चूक नेमकी इथे होते. सगळं लक्ष मागे असतं आणि पुढचा उजवा कोपरा बाहेर फेकला जातो. फुल लॉकवर, म्हणजे स्टेअरिंग शेवटपर्यंत फिरवलेलं असताना, तो सहज पाच-सहा फूट उजवीकडे सरकतो आणि उजव्या रेघेवरचा बांबू पाडतो. या स्कूलमध्ये त्या जागी मुद्दाम वेगळा बांबू लावलाय. शिकवणारे दादा दर दोन-तीन सेकंदांनी "पुढचा कोपरा, भाऊ!" म्हणून आठवण देतात. डावा आरसा, पुढचा उजवा कोपरा, उजवा आरसा, पुन्हा डावा आरसा, अशी नजर फिरवण्याची सवय ते लावतात.

दुसरी चूक म्हणजे स्टेअरिंग सोडवायला उशीर. गाडी सरळ झाल्यावर सोडवायला घेतलं तर ती सरळपणा ओलांडून गेलेली असते, कारण लॉकपासून मध्यावर यायला स्टेअरिंगचे दोन-अडीच फेरे तरी लागतात. म्हणून हौदा आणि लांबच्या बांबूची रेघ समांतर व्हायच्या आधीच उलटं फिरवायला घ्यायचं. फाळका कुठे लागेल असं वाटलं तर अंदाज करत मागे जायचं नाही. थांबायचं, पुढे घेऊन सरळ करायचं, मग पुन्हा मागे.

पायांचं शिक्षणही चांगलं आहे. डिझेलची गाडी रिव्हर्समध्ये ॲक्सिलरेटर न देता सपाट जागेवर आपोआप सरकते. तेवढाच वेग पुरतो, हाफ क्लचवर गाडी लटकवून ठेवायची गरज नाही. लटकवली की क्लच प्लेट जळते, वास लगेच येतो. ब्रेकवर सारखा पाय मारायलाही मनाई आहे, कारण हे ब्रेक हवेच्या दाबावर चालतात, आयडलवर कॉम्प्रेसर हवा हळू भरतो आणि टाकीतली हवा उतरत जाते. सुरू करण्याआधी हवेच्या दाबाच्या गेजकडे बघायला लावतात.

सगळ्यात मोलाचं म्हणजे सराव क्लीनरशिवाय. मागून "येऊ द्या, येऊ द्या" म्हणणारा असला की शिकणारा आरशाऐवजी आवाजावर गाडी चालवतो, आणि टेस्टला तो आवाज नसतो. शंका आली की हँडब्रेक लावून खाली उतरून बघायचं, एवढीच सूट. सावदा-रावेरकडे केळी भरायला शेतरस्त्यावर ट्रक मागे घालायचा किंवा जिनिंगच्या गेटमधून कापसाची गाडी आत घ्यायची, तिथे हीच सवय कामाला येते.

आता उणिवा. एका गाडीवर जास्त मुलं घेतात. नियमाप्रमाणे हेवीला 30 दिवस आणि प्रत्यक्ष ड्रायव्हिंगचे 15 तास, म्हणजे रोज अर्धा तास स्टेअरिंग हातात यायला हवं. गर्दीच्या बॅचमध्ये ते होत नाही. पैसे भरण्याआधी गाडीवर किती जण आहेत ते विचारा आणि आपले तास रोज वहीत लिहून घ्या, कारण स्कूल देतं ते फॉर्म 5 चं प्रमाणपत्र याच ट्रेनिंगचं असतं. डाव्या बाजूला एकच सपाट आरसा आहे, मागच्या चाकाजवळची जमीन त्यात दिसत नाही; खाली एक बहिर्गोल आरसा बसवायला फार खर्च नाही आणि तो त्यांनी बसवायलाच हवा. गाडीही कायम रिकामी असते. भरलेल्या गाडीचं स्टेअरिंग आणि ब्रेक वेगळे लागतात, त्याचा इथे अनुभव मिळत नाही.

एप्रिल-मेमध्ये सकाळी सहाचीच बॅच घ्या. दहानंतर केबिन तापते, मैदानातली धूळ आरशावर बसते आणि चुन्याची रेघ उन्हात दिसेनाशी होते.

लायसन्सचं गणित आधी जुळवा: वय 20 पूर्ण, लाइट मोटार व्हेईकलचं लायसन्स किमान एक वर्ष जुनं, डॉक्टरांचं तब्येतीचं प्रमाणपत्र (फॉर्म 1ए). टेस्टला नापास झालात तर सात दिवसांनी पुन्हा देता येते. तीनदा नापास झालात तर 60 दिवस थांबावं लागतं. ते सात दिवस वाया घालवू नका, ज्या बाजूला चुकलं तिचा सराव इथे तासावारी घेता येतो.

ट्रेलर चालवायचा विचार असेल त्यांनी दुसरीकडे बघावं. तिथे मागचा भाग स्टेअरिंगच्या उलट बाजूला वळतो. आरशात ट्रेलर ज्या बाजूला जास्त दिसेल त्याच बाजूला स्टेअरिंग फिरवून तो सरळ करायचा असतो. इथे तशी गाडीच नाही.