गोळी, दुर्बीण की नळी: प्रोस्टेटचा निर्णय कशावर घ्यायचा

तालुक्याच्या सोनोग्राफी सेंटरमधून कागद येतो: 'प्रोस्टेट ५२ ग्रॅम, ग्रेड २'. तेवढ्यावर घरात दोन तट पडतात. थोरला म्हणतो, ऑपरेशन करून टाकू; बाबा म्हणतात, तूर घरात येऊ द्या, मग पाहू. खरं म्हणजे त्या ५२ वर फारसं काही ठरतच नाही. प्रोस्टेट म्हणजे पुरुषाच्या लघवीच्या पिशवीखाली, लघवीच्या वाटेभोवती असलेली गाठ. ३० ग्रॅमच्या गाठीनं लघवी पार बंद पडते आणि ८० ग्रॅमची गाठ घेऊन माणूस रात्रभर निवांत झोपतो, असं दोन्ही होतं. त्याच कागदावर खाली आणखी एक आकडा असतो: लघवी करून आल्यावर पिशवीत किती उरली. बोलणं तिथून सुरू करावं.

हाही आकडा कधी कधी फसवतो. तपासणीआधी बाटलीभर पाणी पाजतात, 'फुगू द्या' म्हणून तासभर बाकावर बसवतात. इतकी ताणलेली पिशवी एका दमात रिकामी होत नाही, आणि एरवी ५० मिली उरणाऱ्याच्या नावावर १८० मिली पडते. आकडा मोठा आला तर नेहमीसारखी लागल्यावर, दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजून घ्या. शंभरच्या आत असेल तर घाई नाही. सारखी ३०० च्या वर राहत असेल, तर त्रास वाटत नसला तरी क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी) तपासायलाच हवं, कारण तुंबलेल्या लघवीचा दाब वर किडनीवर जातो आणि किडनी दुखत नाही.

आधी तीन दिवस मोजा

रात्री चारदा उठावं लागतं म्हणजे प्रोस्टेटच, असं नाही. खुणा असलेला अर्ध्या लिटरचा प्लास्टिकचा मग घ्या आणि तीन दिवस प्रत्येक लघवीची वेळ आणि मिली वहीत लिहा. झोपल्यापासून सकाळच्या पहिल्या लघवीपर्यंतची बेरीज चोवीस तासांच्या बेरजेच्या एक तृतीयांशाहून जास्त निघाली, तर रात्री लघवी तयारच जास्त होते आहे. कारण साखर असेल, पायावरची सूज असेल, संध्याकाळचा चहा असेल. तिथं प्रोस्टेटचं ऑपरेशन करून रात्रीचं उठणं फारसं कमी होत नाही, आणि मग 'ऑपरेशन बिघडलं' अशी बोंब होते. दरवेळी ८०-१०० मिलीच, धार बारीक, जोर करावा लागतो, संपल्यावरही थेंब गळतात, असं असेल तर संशय गाठीवर.

रब्बीत रात्री वीज येते म्हणून ओलिताला जाणारा किंवा रानडुकरांमुळे जागलीवर असणारा माणूस 'आपण तर जागेच असतो' म्हणून हे मोजतच नाही. त्यानं दिवसा झोपतो त्या वेळेतल्या लघवीची बेरीज करावी.

डॉक्टर सात प्रश्न विचारून ० ते ३५ गुण काढतात. ७ पर्यंत सौम्य, ८ ते १९ मध्यम, २० पासून तीव्र. सौम्य असेल आणि पिशवी नीट रिकामी होत असेल, तर औषधाशिवाय थांबणं हाही उपचारच आहे: संध्याकाळनंतर पाणी-चहा कमी, पोट साफ, वर्षातून एकदा तपासणी. पण दिवसाचं पाणी तोडू नका. विदर्भातल्या मे महिन्यात पाणी तोडलं तर लघवी घट्ट होते, जळजळ वाढते आणि मुतखड्याला आमंत्रण मिळतं.

गोळ्या: दोन जाती, दोन कामं

पहिली जात टॅमसुलोसिनची (०.४ मिलिग्रॅम, दिवसातून एकदा, रोज त्याच जेवणानंतर). अल्फुझोसिन, सिलोडोसिन तिच्याच भावकीतली. ही गाठ लहान करत नाही, पिशवीच्या तोंडाजवळचे स्नायू सैल करते. फरक काही दिवसांत, फार तर दोन-तीन आठवड्यांत कळतो. उठल्यावर चक्कर येऊ शकते, म्हणून पहिले काही दिवस खाटेवर बसून मगच उभं राहावं. वीर्य कमी किंवा अजिबात न येणं हाही तिचाच परिणाम. गोळी थांबवली की तो जातो.

एक गोष्ट गावाकडं नेहमी राहून जाते. मोतीबिंदूचं शिबिर लागलं की वडील त्यात नाव देतात, पण या गोळीचं नाव घेत नाहीत. टॅमसुलोसिनमुळे शस्त्रक्रियेत डोळ्याचं बुबुळ ढिलं पडून फडफडतं. आधी माहीत असेल तर डोळ्यांचे डॉक्टर तयारीनं उतरतात. चार दिवस आधी गोळी बंद करून हे टळेलच असं नाही, त्यामुळे सांगणं हाच उपाय. आणि डोळ्याची तारीख ठरलेलीच असेल, तर डॉक्टरांना विचारून डोळा आधी, गोळी मग.

दुसरी जात फिनास्टेराइड (५ मिलिग्रॅम) आणि ड्युटास्टेराइड (०.५ मिलिग्रॅम). ही गाठ खरोखर आकसवते, साधारण पाचवा ते चौथा हिस्सा, पण त्याला सहा महिने लागतात. महिन्याभरात 'काही गुण नाही' म्हणून सोडणारे हिच्यातच जास्त. गाठ लहान असेल तर हिचा उपयोग नाही. ४० ग्रॅमच्या आसपास किंवा पुढं असेल तर दोन्ही मिळून देतात. इच्छा कमी होणं, ताठरता कमी होणं काहींना जाणवतं. घरात सून गरोदर असेल तर तिनं फुटलेल्या गोळीला हात लावू नये. दोन्ही जाती जनऔषधी केंद्रात स्वस्तात मिळतात. वर्षानुवर्षं घ्यायच्या गोळीत हा फरक मोठा.

काढ्याचं म्हणाल, तर बारीक धारेवर गोखरू घेऊन कुणाला बरं वाटत असेल, वाटो. पण लघवी तुंबलेली असताना 'लघवी सुटायचा' काढा देणं म्हणजे बंद दारामागं गर्दी वाढवणं. सर्दीच्या साध्या गोळ्यांनीही अशा माणसाची लघवी अडकते. मेडिकलवाल्याला प्रोस्टेटचं सांगूनच गोळी घ्या.

ऑपरेशन: संत्र्याच्या फोडी आणि साल

लघवी पुन्हा पुन्हा अडकणं, तुंबल्यामुळे किडनीला मार, पिशवीत खडा, वारंवार जंतुसंसर्ग, गाठीतून सारखं रक्त: यातलं एक जरी असेल तर गोळ्यांवर वर्षं काढू नयेत. एरवी गोळीनं भागत नसेल किंवा सोसत नसेल तर ऑपरेशन निवडीचं आहे, सक्तीचं नाही.

वरूड-मोर्शीकडच्या माणसाला हे लगेच कळतं. गाठ म्हणजे संत्रं. ऑपरेशनमध्ये आतल्या फोडी काढतात, साल तशीच राहते. दुर्बिणीच्या नेहमीच्या ऑपरेशनात (टीयूआरपी) फोडी आतून खरवडून तुकड्यातुकड्यांनी काढतात; साधारण ३० ते ८० ग्रॅमला हे उत्तम. होलेप या लेझरच्या पद्धतीत फोडी सालीपासून अख्ख्या सुट्या करतात, पिशवीत ढकलतात आणि तिथं बारीक करून ओढून घेतात. ती कितीही मोठ्या गाठीला चालते, रक्त कमी जातं, पण हात बसलेला सर्जन लागतो. १०० ग्रॅमच्या गाठीला होलेप जवळ नसेल, तर पोटावरून चिरा देऊन काढणं आजही चुकीचं नाही, फक्त मुक्काम आणि रक्त जास्त.

'लेझरनं करतो' या पाटीवर भाळू नका. तीन प्रश्न विचारा. फोडी पूर्ण काढणार की नुसत्या जाळणार? काढलेले तुकडे तपासायला पाठवणार का? (जाळले तर पाठवायला उरत नाही.) टीयूआरपी असेल तर सलाईनवरची बायपोलर मशीन आहे का? जुन्या मशीनला ग्लायसिनचं पाणी लागतं. ऑपरेशन लांबलं तर ते रक्तात शोषलं जाऊन सोडियम खाली येतं, माणूस बरळायला लागतो. सलाईनवर तो धोका राहत नाही.

दोन्ही पद्धतींत ताठरता सहसा टिकते, पण बहुतेकांचं वीर्य उलटं पिशवीत जातं आणि हे कायमचं. हे आधी सांगितलं नाही की नंतर घरात कुजबुज होते. ऑपरेशननंतर लघवीच्या वाटेत नळी साधारण एक ते तीन दिवस. दहा-चौदा दिवसांनी खपली सुटून लघवी पुन्हा लाल होते. पाणी वाढवा, बहुधा थांबते. गुठळ्या येऊन लघवी अडली तर त्याच दिवशी दवाखाना. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती आपल्या मनानं बंद करू नका. हृदयाच्या डॉक्टरांचं मत सर्जनला दाखवा.

साल आत राहते, म्हणून 'गाठ काढली, आता कॅन्सर होत नाही' हे खरं नाही.

नळी

रात्री लघवी पूर्ण अडली, ओटीपोट फुगलं, तर पाणी पाजत बसू नका. १०८ ला फोन करा. दवाखान्यात लघवीच्या वाटेनं नळी घातली, टॅमसुलोसिन सुरू झालं, की दोन-तीन दिवसांनी नळी काढून पाहतात. बऱ्याच जणांना लघवी होते, पहिलीच वेळ असेल तर जास्त.

याचं उलट रूप ओळखायला कठीण. 'लघवी तर सारखी होते, धोतर ओलं असतं' म्हणणाऱ्याची पिशवी काठोकाठ भरलेली असते आणि वरून सांडत असते. याला म्हातारपण म्हणून सोडलं की किडनी जाते.

नळी वर्षानुवर्षं ठेवणं हा ऑपरेशनला पर्याय नाही, ज्याला भूल झेपतच नाही त्याचा तो नाइलाज आहे. लॅटेक्सची नळी काही आठवड्यांतच, सिलिकॉनची फार तर बारा आठवड्यांनी बदलावी. बॅग कायम कमरेखाली, पण जमिनीला टेकू नये. दोन तृतीयांश भरली की रिकामी. ऑटोत बसताना नळी मांडीखाली दबते, दोन तास लघवी थांबते, मग बाजूनं गळते आणि नळी खराब झाली असं वाटतं. आधी दुमड पाहा. महिन्याभरात नळीत जंतू होतातच. ताप नसेल तर रिपोर्टमधल्या जंतूंसाठी अँटिबायोटिक नको. नळी ओढून काढू नये. आत फुगा असतो, रस्ता फाटतो.

ताप आणि पीएसए

थंडी वाजून ताप, जळजळ, बैठकीत दुखणं हा प्रोस्टेटचा जंतुसंसर्ग. अँटिबायोटिक दोन ते चार आठवडे लागतं, कारण गाठीत औषध मुश्किलीनं शिरतं. पाचव्या दिवशी ताप गेला म्हणून थांबवलं की परत येतो. या काळात पीएसए (प्रोस्टेटच्या कॅन्सरचा संशय पाहायची रक्ततपासणी) करू नका, खोटा वाढलेला येतो; सहा आठवडे थांबा. नळी नुकती घातली असेल तरी तेच. फिनास्टेराइड किंवा ड्युटास्टेराइड सहा महिने चालू असेल तर पीएसए निम्मा दिसतो: कागदावर ३ म्हणजे खरा ६ धरायचा. गोळीचं नाव सांगितलं नाही तर हा आकडा 'नॉर्मल' म्हणून फाइलला लागतो. आणि बोटानं तपासणीला लाजू नका. दगडासारखी कडक गाठ पीएसए ठीक असतानाही बोटालाच कळते.

तारीख

ऑपरेशननंतर चार ते सहा आठवडे पोतं उचलणं, बैलबंडी, मोटारसायकल बंद. म्हणून गोळ्यांवर बरं चाललेल्यानं मृगाच्या तोंडावर किंवा कापूस वेचणीत तारीख घेऊ नये. नागपूरचं सुपर स्पेशालिटी, अमरावतीचं सुपर, वर्ध्याजवळचं सावंगी मेघेचं रुग्णालय इथं जाताना रेशनकार्ड, आधार, सोनोग्राफी, पीएसए, क्रिएटिनिन, लघवीची वही आणि चालू गोळ्यांची पाकिटं सोबत न्या. महात्मा फुले योजनेत तुमचं ऑपरेशन तिथं बसतं का, ते भरती होण्याआधी आरोग्यमित्राला विचारा. नळी लागलेली असेल किंवा क्रिएटिनिन वाढलेलं असेल, तर हंगाम बटईनं द्या आणि मिळेल ती पहिली तारीख घ्या.