चक्री, लहर की ठिपके: शर्ट रंगवण्याआधी घडी कोणती घालावी

पांढरा सुती शर्ट बांधून रंगवायचे ठरले, की बहुतेक जण आधी रंगांचा विचार करतात. नक्षी मात्र घडीतून आणि गाठीतून उमटते, आणि एकदा रंग चढला की घडीतली चूक दुरुस्त करता येत नाही. म्हणून चक्री, चुण्यांची लहर, बांधणीचे ठिपके आणि ठोकळ्यांची चौकट या चार पद्धतींची तुलना येथे केली आहे. माझे मत सुरुवातीलाच सांगते: पहिलाच शर्ट असेल आणि त्याला कॉलर व बटणपट्टी असेल, तर चुण्यांची घडी घ्यावी, चक्री साध्या टी-शर्टासाठी राखून ठेवावी.

या मतामागचे कारण थरांत आहे. गाठ किंवा घडी जिथे कापड घट्ट आवळते तिथे रंग पोहोचत नाही आणि पांढरे राहते. शर्ट सपाट पसरला तरी पुढा आणि पाठ मिळून दोन थर असतात. कॉलर, कफ आणि बटणपट्टीच्या जागी कापड दुमडून शिवलेले असल्याने त्यांची संख्या आणखी वाढते. आपल्याला हवे तेवढेच पांढरे राखणारी घडी चांगली, आणि नको तिथेही रंग अडवणारी घडी फसवी, एवढी कसोटी पुढे प्रत्येक पद्धतीला लावली आहे.

चक्री दिसायला सर्वांत आकर्षक आणि बांधायला सर्वांत झटपट असते. ओलसर शर्ट सपाट पसरून छातीच्या मध्यावर कपड्यांच्या चिमट्याने दोन्ही थर एकत्र पकडावेत आणि एकाच दिशेने पिळत जावे. चुण्या वर उठू लागल्या, तर तळहाताने खाली दाबाव्यात. शेवटी भाकरीसारखी गोल, सारख्या जाडीची चकती झाली पाहिजे. तिच्यावर तीन रबरबँड मध्यावर एकमेकांना छेदतील असे चढवले की सहा भाग पडतात आणि प्रत्येक भागात एक रंग भरता येतो. अडचण मध्यभागी आहे. तिथे कापड इतके दाटीने बसते, की वरून ओतलेला रंग दोन-तीन थरांतच थांबतो. बाटलीचे तोंड चुण्यांच्या फटीत खुपसून रंग सोडावा लागतो आणि चकती उलटून दुसऱ्या बाजूनेही तेच करावे लागते. कॉलर असलेल्या शर्टावर मी पहिल्यांदा चक्री बांधली, तेव्हा पुढा उत्तम उमटला, पण पिळ्यात अडकलेल्या कॉलरची एक बाजू आणि बटणपट्टीचा आतला पदर कोरा राहिला. अंगात घातल्यावर नेमके तेच आधी नजरेत भरत असे. शिवाय शेजारच्या भागांतले रंग कडेला मिसळतात, त्यामुळे लाल आणि हिरवा शेजारी आले तर मध्ये मळकट तपकिरी पट्टा येतो. पिवळा, नारिंगी आणि लाल असे जवळचे रंग घेतले तर हा धोका टळतो.

चुण्यांच्या घडीत कागदाचा पंखा करताना घालतो तशा आलटूनपालटून घड्या घालायच्या असतात. प्रत्येक घडीची एक कड बाहेर राहते, त्यामुळे रंगाला आत शिरायला वाट मिळते, आणि कॉलरसारखा जाड भागसुद्धा पिळ्यात दडपला न जाता कडेला येतो. चार ते पाच सेंटिमीटरच्या चुण्या घालून तयार झालेली लांब पट्टी दर पाच सेंटिमीटरवर बांधली, की चुण्यांना काटकोनात पट्टे उमटतात. म्हणजे आडवे पट्टे हवे असतील तर चुण्या उभ्या घालाव्यात. हा उलटा हिशेब नवशिक्याला चकवतो, म्हणून आधी मांजरपाटाच्या तुकड्यावर एकदा करून पाहणे शहाणपणाचे आहे.

याच घडीचे तिरपे रूप राजस्थानच्या लहरियाची आठवण करून देते. तिथे फेट्याचे किंवा ओढणीचे पातळ कापड एका कोपऱ्यापासून तिरपे गुंडाळून ठरावीक अंतरावर आवळून बांधतात. पुन्हा उलट्या तिरक्या दिशेने गुंडाळून रंगवले, की रेषा एकमेकींना छेदून चौकड्यांचा मोठडा तयार होतो. मलमल पातळ असल्याने रंग गुंडाळीच्या आतपर्यंत जातो. शिवलेला शर्ट तसा गुंडाळता येत नाही, म्हणून त्यावर तिरप्या चुण्याच घालाव्यात. बटणे लावून, बाही बाहीवर येईल असा शर्ट उभा दुमडून मग तिरप्या चुण्या घातल्या, तर उघडल्यावर छातीवर सममित कोन उमटतात. मात्र या वेळी थर दोनाचे चार होतात, त्यामुळे रंग दोन्ही बाजूंनी भरपूर द्यावा आणि चुण्या बोटांनी थोड्या विलग करून आत पाहावे. आतली घडी कोरी दिसली तर तिथे आणखी रंग सोडावा.

बांधणीचे ठिपके ही मुळात वेगळ्या संयमाची गोष्ट आहे. कच्छ आणि जामनगरकडच्या कारागीर स्त्रिया वाढवलेल्या नखाने किंवा टोकदार अंगठीने कापडाचा कणभर भाग उचलून त्यावर दोरा गुंडाळतात आणि दोरा न तोडता पुढच्या ठिपक्याकडे जातात. म्हणूनच रंगवून झाल्यावर कापड दोन्ही बाजूंनी ताणले, की गाठी भराभर सुटत जातात. घरी संपूर्ण शर्ट असा भरणे अवघड आहे, पण खांद्यापासून छातीपर्यंतचा भाग दोन-तीन संध्याकाळींत होतो. सारख्या आकाराची वर्तुळे हवी असतील तर आत काचेच्या गोट्या किंवा गोल खडे बांधावेत. हरभरा ओल्यात फुगतो आणि आकार बदलतो. येथे प्रत्येक ठिपक्याला पुढा किंवा पाठ असा एकच थर उचलावा.

ठोकळ्यांची पद्धत जपानी इताजिमेतून आलेली आहे: कापडाची चौकोनी किंवा त्रिकोणी घडी दोन लाकडी फळ्यांत आवळून रंगात बुडवायची. ओढणीवर ती देखणी उतरते. शर्टाच्या शिवणींमुळे आणि बटणांमुळे घडी सपाट बसत नाही, म्हणून मी ती शर्टासाठी सुचवणार नाही.

बांधायला काय वापरावे, हा प्रश्न घडीइतकाच महत्त्वाचा आहे. रबरबँड पटकन चढतो आणि बारीक, किंचित तुटक पांढरी रेघ देतो. चक्रीला तोच सोयीचा. चुण्यांसाठी मात्र मी जाड सुती दोरा घेते, कारण दोऱ्याचे आठ-दहा वेढे शेजारीशेजारी घातले की पांढरा पट्टा हवा तेवढा रुंद करता येतो. दोन्हींत कापडाला खाच पडेल इतका ताण हवा. जुना, चिकट झालेला रबरबँड भिजताना तुटतो आणि सगळी घडी सुटते.

घडी कोणतीही असली तरी पुढची तयारी एकच राहते. कापड संपूर्ण सुती असावे; पॉलिएस्टर सुती कापडासाठीचे रंग धरत नाही, आणि शिवणीचा दोरा पॉलिएस्टरचा असेल तर तो शेवटी पांढराच उरतो. नव्या शर्टाची खळ गरम पाण्यात धुऊन काढावी. १९५६ साली बाजारात आलेल्या प्रोसियनसारख्या रिॲक्टिव्ह (सुती धाग्याशी रासायनिक बंधाने जोडल्या जाणाऱ्या) रंगांना उकळत्या पाण्याची गरज लागत नाही, पण खार लागतो. त्यासाठी बांधलेला शर्ट सोडा ॲशच्या द्रावणात, लिटरला साधारण ५० ते ६० ग्रॅम या प्रमाणात, १५ ते २० मिनिटे भिजवून पिळावा. हे करताना हातमोजे घालावेत. रंग दिल्यावर शर्ट प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून १२ ते २४ तास ओलसर ठेवावा. नंतर गाठी तशाच ठेवून थंड पाण्याखाली धरावा, पाणी बरेचसे निवळले की गाठी सोडाव्यात, आणि न धरलेला रंग गरम पाण्याने धुऊन काढावा. गाठी आधीच सोडल्या, तर जपून राखलेल्या पांढऱ्या रेघांवर सुटा रंग पसरतो आणि त्या फिक्या गुलाबी किंवा निळसर होतात.