चीनचा जुना राज्यकारभार समजून घ्यायचाय, मग आधी कन्फ्यूशियस वाचू की हान फेइ?

जुन्या चीनमधे राज्य कसं चालवावं याबद्दल काय विचार होता ते मूळ ग्रंथांतून वाचायचंय, असं ठरवलं की चार नावं समोर येतात. कन्फ्यूशियसचं लुन्यू (इंग्रजी आवृत्त्यांवर अॅनालेक्ट्स असं छापलेलं असतं), मेंग्झी म्हणजेच मेन्शियस, हान फेइ आणि लाओत्सेचं ताओ-ते-चिंग. बहुतेक जण नाव ओळखीचं म्हणून कन्फ्यूशियस उचलतात, चार प्रकरणं वाचतात आणि ठेवून देतात. मला विचाराल तर मेंग्झी आणि हान फेइ ही जोडी आधी घ्या, दोन्ही एकदम, आलटून पालटून. बाकीचे दोन नंतर.

लुन्यू वाईट आहे म्हणून नाही हं. पण ती 20 प्रकरणं म्हणजे शिष्यांनी मागाहून गोळा केलेले छोटे छोटे संवाद, सलग मुद्दा कुठे मांडलेलाच नाही, त्यामुळे नवख्या माणसाला नुसती सुविचारांची वही वाटते. मधेच मात्र जबरदस्त जागा सापडतात. शिष्य झिगोंग विचारतो, राज्याला काय लागतं? उत्तर येतं, अन्न, सैन्य आणि लोकांचा विश्वास. यातलं एक सोडायची वेळ आली तर? सैन्य सोडा. अजून एक? अन्न सोडा, मरण काय सगळ्यांनाच आहे, पण विश्वास गेला तर राज्य उभंच राहत नाही. दुसरीकडे म्हणतो की कायदे आणि शिक्षांनी लोकांना हाकलंत तर ते शिक्षा चुकवायला शिकतील पण त्यांना लाज वाटणार नाही, सद्गुणाने आणि रीतीने चालवलंत तर लाजही वाटेल आणि आपणहून सरळ वागतील. पुढची दोनअडीच हजार वर्षं चिनी अधिकारी हेच घोकत राहिले.

आता हान फेइ. हान राज्याच्या राजघराण्यातला, बोलताना अडखळायचा म्हणून लिहून मांडायचा, गुरू होता शुन्झी, जो स्वतः कन्फ्यूशियसच्या परंपरेतला! कन्फ्यूशियसला कुठे चिमटा काढायचा हे त्याला बरोब्बर माहिती होतं. लुन्यूमधे एक किस्सा आहे, शे प्रांताचा अधिपती बढाई मारतो की आमच्याकडे एक इतका सरळ माणूस आहे की बापाने मेंढी लांबवली तेव्हा त्याने बापाविरुद्ध साक्ष दिली, त्यावर कन्फ्यूशियस म्हणतो, आमच्याकडे बाप मुलाला आणि मुलगा बापाला पाठीशी घालतो, सरळपणा त्यातच आहे. हान फेइ हीच गोष्ट उचलतो आणि पुढे नेतो. त्याच्या सांगण्यात चू राज्याचा मंत्री त्या मुलालाच मृत्युदंड देतो, कारण राजाशी सरळ असला तरी बापाशी वाईट वागला. लगेच जोडीला दुसरी गोष्ट, लू राज्यातला एक सैनिक तीनदा लढाईतून पळाला कारण घरी म्हातारा बाप होता, आणि कन्फ्यूशियसने त्याचं कौतुक केलं. परिणाम काय? चूमधे गुन्ह्याची खबर द्यायला कोणी पुढे येईना आणि लूचे सैनिक बिनधास्त पळायला लागले. चांगला मुलगा आणि चांगला प्रजाजन एकाच माणसात बसतीलच असं नाही, हा प्रश्न इतक्या निर्दयपणे मांडलेला मी तरी दुसरीकडे वाचला नाहीये.

त्याचा उपाय म्हणजे राजाने चांगल्या माणसांची वाट बघत बसू नये, शिक्षा आणि बक्षीस या दोन मुठी स्वतःच्या हातात ठेवाव्यात. एक राजा दारू पिऊन झोपतो, टोपी सांभाळणारा नोकर थंडी वाजू नये म्हणून त्याच्या अंगावर झगा टाकतो, उठल्यावर राजा झगेवाल्याला काम न केल्याबद्दल आणि टोपीवाल्याला दुसऱ्याच्या कामात हात घातल्याबद्दल अशी दोघांनाही शिक्षा करतो. अर्थशास्त्र चाळलेल्यांना मंत्र्यांबद्दलचा हा संशय ओळखीचा वाटेल, फक्त कौटिल्य खाणी, जकात, वजनमापं सगळ्यात शिरतो, हान फेइ बराचसा राजा आणि मंत्री यांच्यातच घुटमळतो. छिन नावाच्या दुसऱ्या राज्याच्या राजाला त्याचं लिखाण प्रचंड आवडलं, तरी इ.स.पू. 233 मधे हान फेइ त्याच्याच तुरुंगात मेला. 221 मधे त्या राजाने अख्खा चीन एक केला आणि पंधराएक वर्षांत घराणं संपलंसुद्धा.

मेंग्झी कन्फ्यूशियसच्याच परंपरेतला, पण हान फेइच्या बरोब्बर उलट टोकाला, आणि वाचायला चौघांत सगळ्यात मजेदार, कारण हा माणूस राजांना तोंडावर बोलतो. लिआंगचा राजा विचारतो, एवढ्या लांबून आलात, माझ्या राज्याला काय फायदा? हा म्हणतो, फायद्याची भाषाच कशाला. पण नुसता उपदेश नाही करत, शेतीच्या हंगामात लोकांना वेठीला धरू नका, घराभोवती तुती लावा, असं बारीक सांगतो. पोटापाण्याची शाश्वती नसली की लोक वाकड्या मार्गाला लागणार, आणि मग त्यांना शिक्षा करणं म्हणजे जाळं लावून पकडणं. प्रजा सगळ्यात मोलाची आणि राजा सगळ्यात हलका, हेही त्याचंच. मिंग घराण्याच्या पहिल्या बादशहाला हे इतकं झोंबलं की 1394 मधे त्याने मेंग्झीतले 85 उतारे कापायला लावले आणि त्यावर सरकारी अधिकारी निवडायच्या परीक्षेत प्रश्न नकोत असंही फर्मान काढलं. मात्र मेंग्झी लोकशाहीवादी होता वगैरे जे लोक सांगत फिरतात ते मानू नका, डोक्याने काम करणारे राज्य करतात आणि अंगमेहनतीवाल्यांवर राज्य केलं जातं, हे वाक्यही त्याच पुस्तकात आहे.

ताओ-ते-चिंग छोटं, 81 प्रकरणं, सुंदर, पण कारभार समजून घ्यायला सर्वांत कमी उपयोगी. मोठं राज्य चालवणं म्हणजे लहान मासा शिजवणं, सारखं ढवळू नका, हे त्यातलंच. हान फेइच्या ग्रंथात लाओत्सेवर दोन प्रकरणं आहेत, ती वाचून मग हे घेतलंत तर लोकांची मनं रिकामी आणि पोटं भरलेली ठेवा ही ओळ तितकीशी निरागस वाटणार नाही.

जोडीचा आग्रह का, तर प्रत्यक्षात राज्यं दोन्हींवर चालली. छिननंतरच्या हान घराण्याच्या (हे हान वेगळं, हान फेइचं राज्य नव्हे) वू बादशहाने इ.स.पू. 136 मधे कन्फ्यूशियसच्या परंपरेतल्या पाच अभिजात ग्रंथांसाठी सरकारी विद्वान नेमले, आणि त्याच माणसाने मीठ आणि लोखंड सरकारी मक्तेदारीत घेतलं. त्यावरून इ.स.पू. 81 मधे दरबारात विद्वान विरुद्ध अधिकारी अशी दणकून चर्चा झाली. पुढे श्वान बादशहाने युवराजाला झापलं की आपलं घराणं पहिल्यापासून दोन्ही मार्ग मिसळून चालत आलंय, नुसत्या सद्गुणावर भागत नाही. 1313 पासून परीक्षेत लुन्यू आणि मेंग्झी पक्के बसले, ते पार 1905 ला परीक्षा बंद होईपर्यंत. हान फेइ त्या अभ्यासक्रमात कधी नव्हता, म्हणून फक्त परीक्षेची पुस्तकं वाचलीत तर अर्धंच चित्र मिळतं.

इंग्रजीतून वाचणार असाल तर मेंग्झीसाठी डी. सी. लाउ, हान फेइसाठी बर्टन वॉटसनची निवडक 12 प्रकरणं. जेम्स लेगचा मेंग्झी फुकट मिळतो पण भाषा एकोणिसाव्या शतकातली आहे, दमायला होतं. एकच संध्याकाळ हातात असेल तर मेंग्झीचा पहिला भाग आणि हान फेइचं 49 वं प्रकरण काढा, मेंढीचा किस्सा त्यातच आहे.